वाजवून बघू, पटलं नाही तर नको म्हणू

गिटार घ्यायची तर आधी वाजवून बघायची. माणूस वांगं दाबून बघतो, कलिंगड टिचकी मारून बघतो, चप्पल पायात घालून दोन पावलं चालून बघतो. मग गिटार वाजवून बघण्यात नवल ते काय? काहीच नाही. ज्याला दुकानात कधी कुणी अडवलं नाही त्याला ह्यात लिहिण्यासारखं काही दिसणारही नाही. त्याने हे पान खुशाल उलटावं. हे लिखाण ज्यांना अडवलं जातं त्यांच्यासाठी आहे.

आमच्या कलापथकाने वर्गणी काढून पैसे जमवले. घाटकोपर-मुलुंडची पोरंपोरी. कुणी कुरिअर वाटतं, कुणी कॉलेज करून मॉलमध्ये उभं राहतं, मी गोदीत ठेकेदाराकडं. डबा भरायला वर्ष लागलं. आकडा पाच अंकी झाला तेव्हा ठरलं, पथकाला एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, आणि तीही अर्धी पोकळ, ज्याला सेमी-हॉलो म्हणतात ती. बघून यायचं काम माझ्यावर आलं, कारण पथकात गिटार वाजवतो तो मीच. शिकलो ती दुसऱ्याच्या मोडक्या गिटारीवर.

सकाळची पाळी संपली. रे रोडवर अंधेरीची हार्बर गाडी पकडली आणि अंधेरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण एका दुकानाचं होतं आणि बाकीची सगळी साळसूद ठरतात. काचेचं दार, आत एसी, भिंतभर गिटारी. वरच्या रांगेत एक लालभडक, अर्धी पोकळ. मी बोट दाखवलं.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "लेना है क्या?"

मी म्हटलं, "आधी वाजवून बघतो."

"बजेट?"

सांगितलं.

"बजानेवाला कौन है?"

"मीच."

त्याने माझ्या हातांकडं बघितलं. पँटवरच्या ग्रीसच्या डागाकडं बघितलं. मग म्हणाला, "वो डिस्प्ले का पीस है. यूट्यूब पे देख लो, सब का रिव्ह्यू है."

मी तिथंच खोळंबून उभा राहिलो. पाच मिनिटांत एक गोरटेला कॉलेजकुमार आला. तोंडातून शब्द निघायच्या आत त्याला तीच लाल गिटार काढून दिली, बसायला स्टूल दिलं, अँप चालू करून दिला. त्याने अर्धा तास वाजवली. बरी वाजवली, खोटं कशाला बोलू. मग उठला, "सोचके बताता हूँ" म्हणाला आणि निघून गेला. मागून आवाज आला, "फिर आना सर."

आता कुणी विचारेल, ह्यात जात कुठं आली? त्या पोराला माझी जात माहीत नव्हती. कबूल. त्याने आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्याने फक्त ग्रीस बघितलं, घट्टे बघितले, चप्पल बघितली. पण दोस्तांनो, ह्या शहरात ग्रीस, घट्टे आणि चप्पल कुणाच्या वाट्याला आलंय? गावात पाटी वाचावी लागत नाही, वस्ती कुठल्या दिशेला आहे ते बघितलं की जात कळते. शहरात पायाकडं बघतात. शहाणा माणूस म्हणेल, हे वर्गाचं प्रकरण आहे. असेल. मला दोन्हीचा हिशोब वेगळा करता येत नाही. माझ्या बापालाही आला नाही.

विहारात येऊन मी हे पोरांना सांगितलं. दोन तऱ्हेचं बोलणं झालं. दोन्हीचं उत्तर द्यायला मी हे लिहितोय.

एक पोरगा म्हणाला, "एवढं कशाला? फोनवर बोट दाब, गिटार घरी येते. तिथं कुणी चप्पल बघत नाही." खरं आहे. फोनला माझे पाय दिसत नाहीत. पण फोनला गिटारीचा आवाजही माझ्या कानाने ऐकू येत नाही. लाकूड हे लाकूड असतं. एकाच कारखान्यातून, एकाच नंबरच्या, एकाच रंगाच्या दोन गिटारी निघाल्या तरी एक बोलते आणि एक मुकी निघते. आणि मुद्दा त्याहून मोठा आहे. काउंटरला घाबरून आपण घरी बसलो तर काउंटर तसंच राहतं. उद्या आपली धाकटी बहीण तिथं जाईल तेव्हा तोच पोरगा तिच्या चपलेकडं बघेल.

दुसरं बोलणं आमच्या म्हाताऱ्या शाहिराचं. बाबा चिडले. म्हणाले, "पोरांनो, डफ आहे, ढोलकी आहे, तुणतुणं आहे. अण्णाभाऊ ह्याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांना कुठं गिटार लागली?"

बाबांचा राग मी डोक्यावर घेतो. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा गिरणगाव हलवायला त्यांना विजेचं वाद्य लागलं नाही. मुलुंडच्या झोपडीत राहणारा विलास घोगरे आवाजाच्या जोरावर उभा राहिला. १९८५ च्या 'हमारा शहर' ह्या पटवर्धनांच्या फिल्ममध्ये तो गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून आपली दहा माणसं मारली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विलासने झोपडीत गळफास घेतला. त्या गळ्यापुढं कुठल्या गिटारीची काय किंमत? काही नाही.

पण बाबा, डफ आणि हलगी आपली, म्हंजे नक्की काय? हलगी मांगाने वाजवायची, हे कुणी ठरवलं? गावाने. त्यांच्या लग्नात वाजवायची, त्यांच्या मयताला वाजवायची आणि पंगत बसली की मांडवाबाहेर थांबायचं. ते वाद्य हातात होतं, पण ते आपण निवडलेलं नव्हतं. जलशांनी काय केलं? भीमराव कर्डकांनी, वामनदादांनी, अण्णाभाऊंनी वाद्यं गावकीतून सोडवली आणि विचाराच्या कामाला लावली. मोठं ते हे. वाद्य कुठलं ह्याच्यापेक्षा ते कुणाच्या हुकुमाने वाजतं हे मोठं. म्हणून आम्ही उद्या गिटार घेतली तर डफ खाली ठेवणार नाही. दोन्ही वाजतील, आणि दोन्ही आमच्या मर्जीने.

उलटी बाजूही बघा. चेन्नईकडं मृदंग बनवणारे, कातडं कमावून चढवणारे बरेचसे दलित ख्रिश्चन आहेत. टी. एम. कृष्णाने त्यांच्यावर 'सेबॅस्टियन अँड सन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. २०२० साली ते निघालं तेव्हा कलाक्षेत्र संस्थेने प्रकाशनासाठी आधी दिलेलं सभागृह मागं घेतलं. म्हंजे कातडं आमच्या हाताने चढवलेलं चालतं, त्याची गोष्ट सभागृहात चालत नाही. बनवायला आमचे हात, वाजवायला त्यांचे. दुकानात माझ्या हाताकडं बघितलं गेलं ते काही आकाशातून पडलेलं नाही.

राहिला प्रश्न गिटार परक्यांची असल्याचा. कुठल्या परक्यांची? अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्यांची पोरं घराच्या भिंतीला दोन खिळे ठोकायची, झाडूला बांधलेली तार सोडवून त्यावर ताणायची आणि बाटली सरकवत वाजवायची. एक तार. आपल्या तुणतुण्याची सख्खी बहीण. त्याच मातीतून ब्लूज उभा राहिला. पुढं गिटारीत वीज आली. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा काळा पोरगा गोऱ्या बेनी गुडमनच्या बाजात शिरला. तोवर पितळी वाद्यांच्या गदारोळात गिटार मागं बसून ठेका धरायची. ह्या पोराने तिला पुढं आणून बोलायला लावलं. १९४२ साली, पंचविशीत, तो क्षयाने मेला. क्षय म्हंजे काय ते आपल्या वस्तीला सांगायला नको.

बी. बी. किंग मिसिसिपीत कापूस वेचत आणि ट्रॅक्टर चालवत वाढला. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावात तो वाजवत होता, तेव्हा दोन माणसांच्या मारामारीत रॉकेलचं पिंप लवंडलं आणि सगळी जागा पेटली. तो जीव वाचवून बाहेर आला आणि गिटारीसाठी परत आगीत शिरला. मारामारी जिच्यावरून झाली त्या बाईचं नाव लुसील. पुन्हा असा मूर्खपणा करू नये म्हणून त्याने गिटारीला तेच नाव दिलं. पुढं वर्षानुवर्षं त्याच्या हातात जी लुसील दिसायची ती ह्याच जातीची, अर्धी पोकळ. म्हंजे हे वाद्य आपल्या भाऊबंदांच्या हातातून आलेलं आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइसला पत्र लिहिलं तेव्हा हे नातं ओळखलेलं होतं. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली तेव्हा तिने नाव कुठून घेतलं हेही जगाला माहीत आहे. चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्हने २०१७ पासून गाना, रॅप आणि रॉक एका मंचावर आणलं. मुंबईत धम्मा विंग्ज झाला. आम्ही काही आभाळातून पडलेलो नाही.

आता अर्धीच पोकळ का, ते सांगतो. सगळी पोकळ गिटार गोड वाजते, पण आवाज वाढवला की घात करते. अँपचा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट हलतं, ते हलणं पिकअप पकडतो आणि परत अँपला देतो. गोल गोल फिरून शिट्टी. डेकोरेटरचा माईक जसा शिट्टी मारतो तशीच. भरीव गिटार शिट्टी कमी मारते, पण तिच्यात हवा नाही. गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ काढली, तिच्यात मधला मार्ग काढला. मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी आणि वर इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन भोकं. बी. बी. किंग तर त्या भोकांत फडकी कोंबायचा, शिट्टी आणखी मरावी म्हणून. पुढं १९८० साली कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली ती भोकं बुजवूनच.

आमचा कार्यक्रम होतो चाळीच्या चौकात, मैदानात, चौदा एप्रिलच्या रात्री. भाड्याचे बॉक्स, अंगावर येणारा आवाज, बाजूला डफ आणि ढोलकी. तिथं सगळी पोकळ गिटार टिकत नाही. आणि जलशात शब्द पहिला. शब्द कापणारी गिटार आम्हाला नको, शब्दाखाली सतरंजी अंथरणारी पाहिजे. म्हणून ही.

पुढच्या रविवारी त्याच दुकानात आम्ही चौघं गेलो. त्यात आमची गाणारी पोरगीही. काउंटरवर तोच पोरगा. मी सरळ सांगितलं, "भाऊ, ती लाल गिटार काढ. अँप लाव. स्टूल दे. वाजवून बघायची आहे." पैसे दाखवले नाहीत. त्या कॉलेजकुमाराला कुठं कुणी पैसे विचारले होते? पोराने मालकाच्या केबिनकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि गिटार काढली.

गोदीत एक शिस्त आहे. स्लिंग डोळ्याने तपासल्याशिवाय, ताण देऊन बघितल्याशिवाय माल उचलायचा नाही. तुटलेली एक तार माणूस मारते. गिटार माणूस मारत नाही, पण वर्षभराची वर्गणी मारू शकते. म्हणून त्याच शिस्तीने बघितली. तुम्हीही बघा.

आधी वीज न लावता. अर्धी पोकळ गिटार उघडी वाजवली तरी थोडी बोलली पाहिजे. सगळे सूर सारखे वाजतात का, की एखादा सूर मध्येच मरतो? मग डोळा. गिटार बंदुकीसारखी धरायची आणि बॉडीकडून खुंट्यांकडं नेकच्या कडेवरून नजर टाकायची. जाड तारेच्या बाजूने एकदा, बारीक तारेच्या बाजूने एकदा. थोडीशी कमान चालते, पावसाळ्यात आपल्या हवेने लाकूड फुगतं, हिवाळ्यात आटतं, आतला रॉड फिरवून ते सुधारता येतं. पण दोन्ही कडा दोन तऱ्हेच्या दिसल्या तर नेक पिळलेली आहे. तिथं थांबायचं.

मग हात. नेकच्या कडेवरून बोट फिरवायचं, फ्रेटची टोकं टोचतात का बघायचं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवायची, घाई करायची नाही, मागं कुणी खाकरला तरी नाही. खरखर कुठं येते ते ऐकायचं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून सूर काढायचा, मग तिथंच दाबून काढायचा. दोन्ही जुळले पाहिजेत. नाही जुळले तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून जुळवता येतात, एवढ्यासाठी नको म्हणायचं नाही.

मग वीज. सगळे नॉब फिरवायचे, कचरा वाजतो का बघायचं. पिकअपचा खटका तिन्ही जागी टाकायचा. वायर जॅकमध्ये हलवून बघायची. शेवटी आवाज वाढवायचा, जेवढा चौकात लागतो तेवढा, आणि अँपसमोर उभं राहायचं. शिट्टी कधी येते? थोडं बाजूला वळलं की जाते का? आणि आपल्याकडं जसा अँप आहे तसाच साधा अँप मागायचा. दुकानातल्या भारी अँपवर दगडही गोड वाजतो.

एवढं सगळे सांगतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. दुकानात गाऊन बघा. तिथं येणारा जो तो बोटांची कसरत करून दाखवतो, गळा कुणी उघडत नाही. आम्हाला कसरतीसाठी गिटार नको होती. मी ठेका धरला आणि आमच्या पोरीने पथकाचं गाणं लावलं. माईक नाही, काही नाही. दुकान गप्प झालं. मालक केबिनमधून बाहेर आला. पोरगी थांबली नाही. शब्द गिटारीच्या वर राहत होता, बुडत नव्हता. एवढ्यासाठी गेलो होतो, ते कळलं. आवाज आम्हाला आवडला.

तरीही आम्ही ती गिटार घेतली नाही. नेक पिळलेली होती. जाड तारेची कड सरळ, बारीक तारेची वाकलेली. मी पोराला दाखवलं. त्याने नजर लावली, मान हलवली. मालक म्हणाला, "इतना चलता है." मी म्हटलं, "आम्हाला नाही चालत." गिटार जपून परत दिली आणि आम्ही निघालो. दारापर्यंत सोडायला आलेला तो पोरगा हळूच मराठीत बोलला, "दादा, मी पण वाजवतो. पण मोकळ्या वेळेत आम्हाला हात लावायची बंदी आहे." मग कळलं, त्या दिवशी माझ्या चपलेकडं ज्या डोळ्यांनी बघितलं गेलं ते त्याचे नव्हतेच. ते डोळे वापरायचा त्याला पगार मिळतो. म्हणून त्याच्यावरचा राग मी काढून घेतला, दुकानावरचा नाही.

बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "एवढं भांडून हात लावला आणि घेतली नाही?" मी म्हटलं, गड्या, जिंकलो ते तिथंच.

महाडचं आपण काय सांगतो? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. बरोबर. पण त्याच परिषदेत आणखी एक गोष्ट सांगितली गेली: मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. म्हंजे एकाच जागी दोन गोष्टी झाल्या. जे नाकारलं होतं त्याला हात लावला आणि जे पदरात टाकलं जात होतं त्याला नको म्हटलं. आपण पहिली गोष्ट दरवर्षी साजरी करतो, दुसरी विसरतो. माझ्या आज्याला 'नको' म्हणायची सोय नव्हती. वतनात जे येईल ते घ्यायचं, जशी भाकरी तशी, जसं ढोर तसं. ही गिटार अमेरिकेत आली ते १९५८ साल, आणि इकडं महारवतन मोडलं तेही १९५८ च्याच कायद्याने. आज्याच्या हयातीत झालेली गोष्ट आहे, पुराणातली नाही.

मला माहीत आहे, तळं म्हंजे तळं आणि गिटारीचं दुकान म्हंजे दुकान. तहान वेगळी आहे. पाण्यावाचून माणूस मरतो, गिटारीवाचून मरत नाही. पण निवडण्यावाचून माणूस माणूस राहत नाही. ज्याच्या पुढं जे टाकलं ते त्याने निमूट उचलावं, अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांना आमचं वाजवून बघणं खुपत नाही इतकं आमचं 'नको' खुपतं. गरिबाने बघितलं म्हंजे घेतलंच पाहिजे, नाहीतर हात कशाला लावला! हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे? त्या कॉलेजकुमाराला तो का लागू नाही?

तेव्हा दोस्तांनो, दुकानात एकटे जाऊ नका, तिघं-चौघं जा. कामावरून सरळ जा, कपडे बदलून जाऊ नका. स्टूल मागा. अँप मागा. वेळ लावा. गिटार नीट धरा, बक्कल ओरखडू देऊ नका, दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लागू नये ही आपलीही शिस्त आहे. गाऊन बघा. चांगली असेल तर भाव करून घ्या. वाईट असेल तर मान वर करून परत द्या, माफी मागू नका.

आमचा डबा अजून भरलेला आहे. येत्या रविवारी बोरिवलीचं दुकान बघायचंय. बाबा म्हणालेत, ह्या वेळी मीही येतो, डफ घेऊन येतो. गिटार डफाबरोबर वाजते का ते तिथंच बघू. वाजली तर घेऊ. नाही वाजली तर नको म्हणू.

जयभीम.